कासविंदा कसा ओळखावा?

नवरात्रांत घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. त्या फुलांसाठीं मुलें गांवाबाहेर जातात आणि कधीं कधीं भलत्याच झुडपाचीं पिवळीं फुलें घेऊन येतात. तें झुडूप बहुधा कासविंद्याचें असतें. निव्वळ पिवळें फूल पाहून झाडाचें नांव सांगणें म्हणजे चेहरा न पाहतां पागोट्यावरून माणूस ओळखणेंच होय.

तरवड हा येथलाच रहिवासी. कासविंदा उष्ण अमेरिकेंतून येऊन उकिरड्यांवर व पडक्या जागीं रुळलेला. तिसरा भाऊबंद टाकळा, ज्याची कोंवळी भाजी आपण पावसाळ्याच्या आरंभीं खातों.

प्रथम पर्णिका मोजाव्या. टाकळ्याच्या बहुधा तीन जोड्या, टोकाशीं गोलट. तरवडाच्या आठ ते बारा, लहान व बोथट. शिवाय देठाच्या मुळाशीं कानाच्या पाळीसारखीं उपपर्णें. कासविंद्याच्या चार ते सहा, भाल्यासारख्या टोकदार, आणि चुरगळल्यास उग्र दुर्गंधी. तरीहि शंका उरल्यास देठावरील बारीक गांठ, म्हणजे ग्रंथि, शोधावी. कासविंद्यांत ती एकच, देठाच्या बुडाशीं. टाकळ्यांत खालच्या जोड्यांमध्यें. तरवडांत प्रत्येक जोडीपाशीं. ही खूण मुलें एकदां शिकलीं कीं विसरत नाहींत, असा माझा वर्गांतला अनुभव आहे. तरवडाची शेंग कागदासारखी पातळ, टाकळ्याची बारीक व लांब. कासविंद्याची चपटी, किंचित् वर वळलेली, मध्यें तपकिरी व कडांना फिकट.

याला 'कासमर्द', म्हणजे खोकला मोडणारा, असेंहि म्हणतात. परदेशीं झाडाला इतकें जुनें संस्कृत नांव कसें? माझ्या मतें मूळ कासमर्द दुसराच असावा, व त्याचें नांव या नवागताला मिळालें असावें.

नांवाचा वाद पंडितांवर सोडूं. बियांचा प्रश्न मात्र जिवाचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशांत लहान मुलें वांत्या होऊन, शुद्ध हरपून दगावत. वर्षानुवर्षें तो मेंदूज्वरच समजला गेला. मुलांनीं खाल्लेल्या कासविंद्याच्या बियांशीं या रोगाचा संबंध आहे, असें तेथील डॉक्टरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. यकृत, स्नायू व मेंदू हे तिन्ही त्या विषानें बिघडतात. २०१६ सालीं ओडिशांतील मलकानगिरी जिल्ह्यांत झालेल्या बालमृत्यूंच्या चौकशींतहि याच झुडपाचें नांव पुढें आलें.

तेव्हां टाकळा खुडतांना जोड्या मोजाव्या, आणि अंगणाच्या कडेचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वींच उपटावा. त्याचें मूळ सरळ खोल जातें. जमीन ओली असतांना तें सहज निघतें.