मुरमाच्या वाटेने सायकलीवर



औसा तालुक्यात खरोशाच्या टेकडीवर सहाव्या शतकातली लेणी आहेत. यंदा तिकडे आपण सायकलींवर जावे, असे माझे म्हणणे आहे. औशाकडे द्राक्षबागा आहेत, बालाघाटाचा चढउतार आहे आणि मुरमाच्या शिववाटांवर ट्रकची धास्ती नाही. टायर रुंद असावेत, हवा किंचित कमी ठेवावी, म्हणजे चाक खड्यांवर घसरत नाही. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

मानव विकास कार्यक्रमाच्या सायकलींवर आठवीच्या मुली शाळेला जातात, त्यांचे कौतुक होते. मग आईने चालवली तर हसू का? शेतात राबणाऱ्या बाईला पायडल जड नाही. जड आहे ती लोकांची नजर. दहाजणी मिळून निघालो, की तीही हलकी होईल. नावे आजच द्यावीत.