बाळंतपणाची रजा : हक्क आणि हजेरी



या व्यासपीठावर मोठमोठी पंडित मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण सातवीत संपले. पुढचा अभ्यास झाला तो कारखान्यांच्या दारात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून करू नये. एकच प्रश्न घेऊन आम्ही आलो आहोत : कामकरी बाई बाळंत झाली, तर तेवढे दिवस तिची चूल कशी पेटायची?

प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीविषयीचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. मात्र बाईच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही यातून मोकळा सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. पण तो मुंबई इलाख्याचा. आपले जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. देशभराचा कायदा १९६१ साली झाला. त्यात रजा होती १२ आठवडे. २०१७ साली ती २६ आठवडे झाली. आता ही कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत आली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे.

कायदा काय सांगतो? बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरले की हक्क पुरा होतो. पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा. त्यांतले ८ आठवडे आधी घेता येतात. दोन मुले हयात असतील, तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे. मालकाने दवाखान्याची सोय केली नसेल, तर ३,५०० रुपये बोनस. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी. ५० माणसे असतील तिथे पाळणाघर. आणि गरोदर आहे म्हणून कामावरून काढले, तरी हा लाभ बुडत नाही. हे सारे कारखान्यापुरतेच नाही. दहा माणसे कामाला असलेल्या दुकानालाही लागू आहे. रोजंदारीच्या बाईलाही हा हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील बायकांच्या दाव्यात २००० सालीच दिला आहे.

मग अडते कुठे? हजेरीत अडते. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ठेकेदाराकडे माल निवडण्याच्या कामावर एक बाई होती. सहाव्या महिन्यात पोट दिसू लागले आणि तिचे नाव मस्टरवरून गेले. आम्ही विचारायला गेलो. ठेकेदार म्हणाला, “हिचे ७१ दिवसच भरले. कायदा तुम्हीच वाचा.” आम्ही खाली मान घालून परतलो. संध्याकाळी बाई आमच्याकडे आली. तिने ज्वारीच्या डब्यातून पगाराच्या चिठ्ठ्या काढून आणल्या होत्या. सतरा आठवड्यांच्या सतरा चिठ्ठ्या. तिला वाचता येत नव्हते, पण कागद टाकायचा नाही एवढे ठाऊक होते. बेरीज झाली ९७. बारा आठवड्यांचा पगार तिला मिळाला. काम मात्र पुन्हा मिळाले नाही. ते आमच्याच्याने झाले नाही, हेही कबूल केले पाहिजे. ठेका बदलला आणि नवा ठेकेदार तिला ओळखीना.

तिच्याजवळ निदान चिठ्ठ्या होत्या. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बाईजवळ काय असते? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब टनावर. एक दिवस बसली तर खाडा कापला जातो. ती ८० काय, शंभराच्या वर दिवस राबते. पण मस्टरच नाही, तर दिवस मोजायचे कोणी? कारखाना म्हणतो ती आमची नोकर नव्हे. मुकादम म्हणतो मी मालक नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. विसावा न देणारी व्यवस्था कुठवर जाते, ते यावरून समजावे.

या सभेत मालक मंडळीही बसली असतील. ते म्हणतील, “सहा महिन्यांचा पगार एकट्याने द्यायचा, तर बाईला कामावर ठेवायचे तरी कशाला?” ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. राज्य कामगार विमा योजना लागू आहे तिथे पैसा विमा निधीतून मिळतो. मालकाला एकट्याला ओझे होत नाही. अन्यत्र मात्र ते त्याच्यावरच पडते, आणि बाईच्या हातचे काम जाते. म्हणून बाबासाहेबांचा मुद्दा आजही उभा आहे : मूल देशाचे, तर खर्चात देशाचा वाटा हवा. आमची मागणी ती आहे. पण ती मान्य होईपर्यंत कायदा मोडायची मोकळीक कोणालाही नाही.

शेवटी तुमच्याकडे दोनच मागणी आहेत. मालक असाल तर बाईच्या नावाची स्वतंत्र हजेरी ठेवा आणि तिच्या हाती कागद द्या. कामगार असाल तर घरी जाऊन आया-बहिणींना सांगा, चिठ्ठी फेकू नका. ज्वारीच्या डब्यात का होईना, ती जपून ठेवा. हक्क कायद्याने दिला आहे. तो मागायला गेल्यावर हातात काहीतरी असावे लागते.