ओतूरहून गेलेलं पत्र

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विद्वान माणूस नाही. गिरणीत साचे चालवले आणि पाळी सुटल्यावर जे पुस्तक हाताला लागलं ते वाचलं. चूकभूल पदरात घ्यावी. मला विषय दिला होता ‘फुले दांपत्याचे कार्य’. त्यावर दरवर्षी भाषणं होतात. मी आज फक्त सावित्रीमाईंनी जोतिरावांना लिहिलेल्या तीन पत्रांवर बोलणार आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती आहेत. हा ग्रंथ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढला.

पत्र म्हणजे काय हे आपल्या घरांना सांगायला नको. बाप मुंबईला गिरणीत, आई गावाला. बाप खोलीवरच्या शिकलेल्या गड्याकडून कार्ड लिहून घ्यायचा, आई ते शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायची. नवरा-बायकोच्या मध्ये दोन परके! मग लिहिणार काय? खुशाली आणि मनिऑर्डर. बाकीचं माझ्या आईच्या पोटातच राहिलं.

आणि इकडे सावित्रीमाई १८५६ साली, आजारपणात माहेरी नायगावला असताना, स्वतःच्या हाताने नवऱ्याला लिहितात. भाऊ म्हणाला, तुम्ही महारा-मांगांसाठी कामं करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकलंय. त्यावर माईंनी भावाला सुनावलं, की तू नागपंचमीला सापाला दूध पाजतोस आणि माणसाचा विटाळ धरतोस. त्याच पत्रात शाळेची काळजी आहे, एकट्या फातिमाबींवर भार पडला असेल ही रुखरुख आहे. घरचं आणि चळवळीचं एकाच कागदावर. त्यांच्या घरात ते वेगळं नव्हतंच.

तिसरं पत्र आपलं आहे. २० एप्रिल १८७७, मुक्काम ओतूर, तालुका जुन्नर. माळशेज उतरून मुंबईला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजण ओतूरवरून गेले असतील, पण हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. दुष्काळ पडलेला. चारा नाही, पाणी नाही, माणसं निवडुंगाची बोंडं खाताहेत, गावं सोडून चालली आहेत. सावकार मात्र आपला धंदा करतोच आहे. त्यातून दंगे झाले आणि पन्नास सत्यशोधक पकडले गेले. माईंनी गोऱ्या कलेक्टरला तोंडावर विचारलं, माझी माणसं कशासाठी धरलीत? माणसं सुटली, शिवाय कलेक्टरने चार गाड्या ज्वारी पाठवली. आज आपल्याला तलाठ्याकडे दाखल्याला जायचं तर आपण आधी ओळखीचा माणूस शोधतो. असो.

मधलं पत्र मी मुद्दाम मागे ठेवलं. २९ ऑगस्ट १८६८. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा नावाची महाराची मुलगी, तिला सहावा महिना. गाव त्यांना मारायला उठलेलं. माई मध्ये पडल्या, इंग्रजांच्या कायद्याची भीती घातली, दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना पुण्याला जोतिरावांकडे धाडलं.

हे पत्र मी चार-पाच वेळा वाचून सोडून दिलं होतं. मला वाटायचं, हे ब्राह्मणांना आणि पाटलांना वाचून दाखवण्यासारखं आहे. मग माझ्या मुलीने मातंग समाजातल्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, नोकरीला. आणि मी, जयंतीला माइकवर बोलणारा माणूस, लग्नाला गेलो नाही. आठ महिने तिच्याशी बोललो नाही. बायको म्हणाली, “तुमची पुस्तकं रद्दीत घाला.” त्या रात्री सारजाचं पत्र पुन्हा काढलं. नायगावच्या त्या जमावात मी उभा आहे असं वाटलं. फोन करायचा धीर होईना, म्हणून मुलीला पत्र लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा पाठवला. जावई पुढच्या रविवारी घरी आले. आज ते इथे मागच्या रांगेत बसले आहेत.

कागद जपला तरच हे कळतं. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे पुढारी डू बॉय यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉय यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. त्यांचे कागद अमेरिकेच्या विद्यापीठात सांभाळलेले आहेत, म्हणून तो व्यवहार आपण वाचू शकतो. जोतिरावांनी तर १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं.

आपल्या ट्रंकांत काय आहे? धर्मांतराच्या वेळची कार्डं, संपातली युनियनची पत्रकं, बापाच्या मनिऑर्डरीची कुपनं. घर नव्याने बांधताना हे सगळं चुलीत जातं. कमिटीने विहाराच्या कपाटातला वरचा खण मोकळा केला आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सेक्रेटरींकडे आणून द्यावं, वहीत नोंद होईल. मूळ कागद द्यायचा नसेल तर झेरॉक्स चालेल, त्याचा खर्च मी करीन. माझ्या बापाची अकरा कार्डं मी कालच ठेवली आहेत.

जयभीम.