परकीयांची टाकसाळ, मुंबईचा रुपया
(नेरळ येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



राज्य कोणाचे, हे ओळखण्याची जुनी खूण म्हणजे नाणे. म्हणूनच १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी स्वतःच्या नावाचे सुवर्णहोन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या. ज्या रायगडाचे नाव आपला जिल्हा आज मिरवतो, तेथेच त्या सोहळ्यात नाण्यांविषयी एक महत्त्वाचा संवाद घडला.

मुंबई तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती. पोर्तुगीजांनी आंदण दिलेले हे बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले आणि १६७२ मध्ये तेथे टाकसाळ निघाली. राज्याभिषेकास आलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याने मागणी केली, की आमचे नाणे आपल्या मुलखात चालावे. निराजीपंतांमार्फत उत्तर मिळाले, त्याचा आशय असा : आम्ही कोणत्याही नाण्यास मनाई करीत नाही, परंतु ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्तीही करणार नाही. तुमच्या नाण्याचा कस चोख असेल, तर ते चालेल. त्यासाठी तहात कलम कशाला? परकीय व्यापाऱ्याच्या सोयीपेक्षा रयतेची पुंजी मोठी, हा त्या उत्तराचा गाभा आहे.

पुढे १६७६ मध्ये इंग्लंडच्या राजाने कंपनीला मुंबईत रुपये पाडण्याची सनद दिली. १६७७ चा, इंग्रजी अक्षरांतील ‘मुंबईचा रुपया’ आज अत्यंत दुर्मीळ आहे. तितकाच दुर्मीळ आहे तो विल्यम आणि मेरी यांची नावे फारसीत कोरलेला रुपया. या दुसऱ्या रुपयावरून मोगल दरबार संतापला. इतिहासकार खाफीखानाने ती तक्रार नोंदवून ठेवली आहे. बेटाबाहेरच्या बाजारात आपल्या राजाचे नाव चालत नाही, हे कंपनीने ओळखले. १७१७ मध्ये फर्रुखसियरचे फर्मान मिळाल्यावर तिने मोगल बादशहांच्या नावाने रुपये पाडले. सत्ता कंपनीची, नाव बादशहाचे! आपला खरा चेहरा तिने नाण्यावर आणला तो थेट १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमच्या मुद्रेसह. तोवर देश हातचा गेला होता.

मात्र बादशाही नावाच्या त्या रुपयांवर टाकसाळीचे गाव फारसी अक्षरांत ‘मुंबई’ असेच कोरलेले आहे. जे नाव सरकारदरबारी परत यायला १९९५ साल उजाडले, त्याची साक्ष कंपनीच्याच चांदीने जपली होती.

म्हणून एक विनंती. देव्हाऱ्यातील, आजीच्या गाठोड्यातील जुना रुपया सोनाराच्या मुशीत टाकू नका. आधी जाणकाराकडून वाचून घ्या. घराचा पाया खणताना वा शेत नांगरताना पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मुशीत गेलेल्या नाण्याची चांदी तेवढी उरते. त्यावरचा इतिहास पुन्हा वाचता येत नाही.