उपचाराची वीज आणि तिचें रूप

दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. तेथील यंत्रें ज्या विजेवर चालतात, ती सेकंदाला ५० आंदोलनें करते. त्याच यंत्रांपाशीं राबणाऱ्या एखाद्या कामगाराची कंबर धरली आणि तो भौतिकोपचारासाठीं गेला, तर तेथील लहानशा यंत्रांतूनहि त्यास सेकंदाला ५० स्पंदनें देतां येतात. पहिली वीज प्राण घेऊं शकते. दुसरी वेदना शमविते. संख्या एकच, मग भेद कशांत?

भेद आहे प्रवाहाच्या रूपांत. प्रवाहाचें बळ किती आणि प्रत्येक स्पंदन किती काळ टिकतें, हेंहि पाहावें लागतें. कारखान्याच्या विजेचें अर्धें आंदोलन सेकंदाचा शंभरावा भाग टिकतें. वेदनाशामक यंत्राचें स्पंदन बहुधा सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास असतें, आणि त्याच्या बळासहि यंत्रांतच मर्यादा घातलेली असते.

काळ आणि बळ यांचें हें नातें फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांनीं १९०९ सालीं मोजण्याजोगें केलें. स्पंदन जितकें अल्पकालीन, तितकें मज्जातंतूस जागें करण्यास अधिक बळ लागतें. ज्या स्नायूचा मज्जातंतु तुटला आहे, त्यास दीर्घ स्पंदनच लागतें. म्हणून एकास गुणकारी ठरलेला प्रवाह दुसऱ्यास निष्फळ ठरूं शकतो.

तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित् बेसूर असल्या कीं नाद फुगतो आणि ओसरतो. त्याचप्रमाणें ४००० व ४१०० आंदोलनांचे दोन प्रवाह शरीरांत एकमेकांस छेदले, म्हणजे तेथें सेकंदाला १०० चढउतार होतात. जलद आंदोलनांस त्वचेचा विरोध कमी असल्यानें हा उपचार सुसह्य होतो.

एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाचें मात्र भय असतें. त्याच्या पट्ट्यांखालीं आम्ल व अल्क सांचून त्वचा भाजूं शकते. म्हणून पुष्कळ यंत्रांत प्रत्येक स्पंदनामागून उलट स्पंदन देतात. ज्याच्या छातींत पेसमेकर बसविला आहे, त्यानें तर तज्ज्ञास विचारल्यावांचून असें यंत्र लावूंच नये. बाहेरचीं स्पंदनें हृदयाचींच आहेत, असा त्या उपकरणाचा गैरसमज होऊं शकतो.

आज अशीं यंत्रें घरोघरीं पोहोंचत आहेत. घेणाऱ्यानें केवळ किंमत न विचारतां स्पंदनाचें बळ, काळ व संख्या विचारावी, आणि वेदना शमली तरी तिचें कारण शोधणें थांबवूं नये.