हद्दीबाहेरची आग

छोट्या शहराचा एखादा भाग एका अग्निशामक दलाकडून काढून दुसऱ्या दलाकडे सोपवावयाचा, हा विषय नगरपालिकेच्या सभेत निव्वळ कारकुनी वाटतो. नकाशावरची एक रेघ पुसावयाची आणि दुसरी ओढावयाची, एवढेच! परंतु त्या रेघेपलीकडे एखादे घर पेटले म्हणजे काय होऊ शकते, ते अमेरिकेतील साउथ फुल्टन या गावी दिसून आले.

हे गाव टेनेसी राज्याच्या अगदी उत्तर सीमेवर आहे. सीमेचा रस्ता ओलांडला की केंटकी राज्य लागते आणि तेथल्या जुळ्या गावाचे नावही फुल्टनच. साउथ फुल्टन ज्या ओबायन परगण्यात मोडते, त्या परगण्याचे स्वतःचे असे अग्निशामक दल त्या काळी नव्हते. तेव्हा गावच्या दलाने हद्दीबाहेरील लोकांना एक सोय करून दिली: वर्षाला ७५ डॉलर वर्गणी भरावी, म्हणजे त्यांच्याकडेही बंब येईल. सुमारे वीस वर्षे ही रीत चालली. २०१० च्या सप्टेंबर महिन्यात हद्दीबाहेरील एका घराला आग लागली. त्या घरची वर्गणी भरावयाची राहून गेली होती. लागेल तो खर्च देण्याची तयारी घरच्यांनी दाखविली, तरी बंब निघाला नाही. पुढे ज्वाळा शेजाऱ्याच्या शेताकडे सरकल्या तेव्हा मात्र बंब आला, कारण शेजाऱ्याने वर्गणी भरलेली होती. जवानांनी शेजाऱ्याची मालमत्ता राखली आणि पाणी जवळ असताना ते घर डोळ्यांदेखत जळू दिले. आतील तीन कुत्री व एक मांजर ही मुकी जनावरे मेली.

जवानांवर राग काढणे सोपे आहे, पण ते हुकमाचे ताबेदार होते. गावच्या कारभाऱ्यांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते: आग लागल्यावर पैसे भरून चालत असेल, तर आधी कोण भरील? विम्याचा नियम हाच आहे. तथापि विमा नुकसान भरून देतो. बंबाचे काम ते नुकसान होऊ न देण्याचे आहे. ही दोन कामे एकाच तागडीत घालणे, हीच मुळातली चूक होय. २०११ च्या डिसेंबरात पुन्हा असाच प्रकार झाला. अखेर २०१२ साली नियम बदलला. वर्गणी नसली तरी बंब जाईल, मात्र मागाहून ३,५०० डॉलर द्यावे लागतील, असे ठरले.

एखाद्या वस्तीचे दल बदलावयाचे तर मग काय पाहावे? गाडीवर कोणाचे नाव रंगविले आहे, यावरच बहुधा सभा गाजतात. अमेरिकेत विमा कंपन्यांसाठी गावोगावच्या अग्निसंरक्षणाची १ ते १० अशी प्रतवारी लावतात. तीत दलाला ५० गुण, पाणीपुरवठ्याला ४० आणि वर्दी पोहोचविण्याच्या व्यवस्थेला १० गुण असतात. ठाण्यापासून रस्त्याने पाच मैलांहून दूर असलेल्या घराची प्रत सहसा शेवटची. म्हणजे माणसे कितीही शूर असोत, पाण्याचा हिशेब जवळजवळ त्यांच्या बरोबरीने केला जातो. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटले तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून मदत धावली; पण पाहुण्यांच्या नळ्यांचे आटे त्या शहराच्या तोट्यांना बसेनात! दीड हजारांवर इमारती जळाल्या.

आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून नमूद आहे. प्रत्यक्षात पाहिले तर गोव्यात आणि कर्नाटकात ते राज्याच्या खात्याकडे, महाराष्ट्रात व गुजरातेत मुख्यतः नगरपालिका-महानगरपालिकांकडे. इंदूरला तर दीर्घकाळ ते पोलिसांकडे होते. त्यामुळे बेळगावचा बंब एका व्यवस्थेचा, तर शेजारच्या कोल्हापूरचा दुसऱ्या.

हस्तांतर नीट कसे करावे याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. तेथे पूर्वी विमा कंपन्यांची निरनिराळी दले असत. दुसऱ्या कंपनीचे घर जळत असता बंबवाले हात बांधून उभे राहत, अशी कथा नेहमी सांगण्यात येते. तिला पुरावा मात्र फारसा सापडत नाही. लंडनच्या नावावर खपणारी गोष्ट खरोखर घडली ती २०१० साली टेनेसीत! १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी आपली दले एकत्र केली आणि एडिंबरोहून जेम्स ब्रेडवुड यांना प्रमुख म्हणून आणले. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली आणि भिंत कोसळून ब्रेडवुड स्वतः ठार झाले. एवढ्या मोठ्या नगराचा भार यापुढे पेलवणार नाही, असे कंपन्यांनी सरकारला कळविले. १८६५ साली कायदा झाला. कंपन्यांनी ठाणी व बंब सार्वजनिक मंडळाच्या स्वाधीन केले, शिवाय विम्याच्या दर दहा लाख पौंडांमागे वर्षाला ३५ पौंड द्यावयाचे, असे ठरले. ब्रेडवुड यांच्यानंतर आलेले कॅप्टन शॉ हेच नव्या दलाचेही प्रमुख राहिले. १ जानेवारी १८६६ रोजी मालक बदलला. त्या दिवशी आगीची वर्दी घेऊन धावणाऱ्याला मात्र कालचेच ठाणे गाठावयाचे होते आणि कालचाच बंब बाहेर पडावयाचा होता.