रक्ताची साक्ष



सोयरीक जुळवितांना ‘कुळ चांगलें, रक्त शुद्ध’ असे शब्द आपण सहज वापरतों. त्या रक्तालाच प्रश्न विचारणाऱ्या एका संशोधकाचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. लुइजी लुका काव्हाली-स्फोर्झा हें त्यांचें नांव. १९२२ सालीं इटलींत जिनोआ येथें त्यांचा जन्म झाला, शिक्षण वैद्यकाचें. आरंभीं ते जंतूंच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करीत. पार्मा येथें अध्यापक झाल्यावर ते माणसांकडे वळले.

त्याला निमित्त झाले त्यांचे एक विद्यार्थी, धर्मोपदेशक आंतोनिओ मोरोनी. चर्चच्या दप्तरांत जन्म, विवाह व मृत्यु यांच्या कित्येक पिढ्यांच्या नोंदी आहेत, हें त्यांनीं गुरूंच्या ध्यानांत आणून दिलें. मग पार्मा नदीच्या खोऱ्यांत गांवोगांव रक्ततपासणी झाली. मैदानांतील मोठ्या वस्त्यांत रक्तगटांचें प्रमाण बहुतेक सारखें निघालें; डोंगरांतील चिमुकल्या खेड्यांत मात्र तें गांवागणिक बदललेलें!

हा कोणा कुळाच्या थोरवीचा परिणाम काय? मुळींच नव्हे. नाणें हजार वेळां उडवा, छाप आणि कांटा जवळजवळ सारखे पडतील. दहाच वेळां उडवा, आठ वेळां छापच पडूं शकेल. लहान खेड्यांत जोडपीं मोजकीं. आईबापांचा कोणता वारसा मुलांकडे जावा, हा तेथें असाच योगायोगाचा खेळ, आणि पिढ्यानपिढ्या तो फरक सांचत जातो.

पुढें या गुरुशिष्यांनीं दुसरेंहि दप्तर उघडलें. जवळच्या आप्तांच्या विवाहास कॅथलिक चर्चची विशेष परवानगी लागे. इटलींतील अशा ५ लाखांहून अधिक विवाहांचा अभ्यास करून, जियाना झेई यांच्यासह त्यांनीं २००४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या वारशांत सरासरीनें एक-अष्टमांश भाग समान असतो. त्यामुळें एखादा सुप्त दोष दोघांकडेहि असण्याचा, आणि म्हणून संततींत रोगरूपानें प्रकट होण्याचा संभव वाढतो. मामेबहिणीशीं विवाहाची चाल आपल्याकडेहि अनेक घराण्यांत आहे, हें येथें विसरूं नये.

काव्हाली-स्फोर्झा २०१८ सालीं निवर्तले. त्यांच्या परिश्रमांतून आपण एवढें तरी घ्यावें, कीं सोयरिकीच्या बैठकींत रक्त किती शुद्ध हें न विचारतां, वधूवरांचें नातें किती जवळचें आणि घराण्यांत कांहीं आनुवंशिक रोग आहे काय, हें मोकळेपणानें विचारावें. त्यांत कोणाचाहि अपमान नाहीं. जन्मास येणाऱ्या बालकांचें हित मात्र आहे.